परस्पर संमतीने घटस्फोट : मुलाच्या भेटीबद्दल कन्सेंट टर्म्समध्ये काय काय लिहून घ्यावं?

शुभदा_क

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीचा परस्पर संमतीने घटस्फोट होतोय. दोघं दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतात. भांडण असं आता उरलेलं नाही आणि पैशांचं बोलणंही जवळपास मिटलंय. मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत जातो. तो आईकडे राहील यावर दोघांचं एकमत आहे.

वकिलांनी कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या अटींचा, कच्चा मसुदा पाठवला. त्यात फ्लॅट, दागिने, गाडी, म्युच्युअल फंड या सगळ्याचा हिशेब कलमवार आहे. मुलाबद्दल मात्र एकच वाक्य : 'मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना परस्पर सोयीनुसार मुलास भेटता येईल.' गाडीला अर्धं पान आणि मुलाला एक ओळ!

बहीण म्हणते, "तो बाप म्हणून चांगलाच आहे. उगाच कलमं घालून त्याला कशाला दुखवायचं?" मला हे वाक्य फार अपुरं वाटतंय, पण तिला पटवायला माझ्याकडे नेमकं काही नाही. म्हणून इथे विचारते. भेटीबद्दल किती तपशील लिहावा? आज ठरलेलं पुढे बदलता येतं का? आणि तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल, तर काय लिहिल्याचा उपयोग झाला?

लग्न का मोडलं यावर चर्चा नको, एवढी विनंती.

नीलमोहर

लिहून घ्या. अगदी बारीकसारीक लिहून घ्या.

संबंध चांगले असतात तोवर कागद कोणी उघडून बघत नाही. ते बिघडतात त्या दिवशी मात्र कागदाशिवाय हातात काही नसतं. आमच्या टर्म्समध्येही हेच शब्द होते, 'परस्पर सोयीनुसार'. पहिलं वर्ष छान गेलं. मग त्याची बदली झाली, माझी शिफ्ट बदलली आणि दर गुरुवारी फोनवर घासाघीस सुरू झाली. या शनिवारी जमेल का, मागच्या वेळी तू नाही म्हणालीस, मग मी आईला काय सांगू. मुलगी शेजारच्या खोलीतून सगळं ऐकायची.

शेवटी कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवून तक्ता करून दिला. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा. ज्या महिन्यात पाचवा शनिवार येईल तो आलटून पालटून. शुक्रवारी शाळा असेल तर बाबाने शाळेतूनच घ्यायचं, म्हणजे दारात उभं राहून देवघेव नको. त्या दिवसापासून गुरुवारचे फोन बंद झाले.

बहिणीला सांगा, कलम घातल्याने बाप दुखावत नाही. महिन्यातले कुठले दिवस आपले आहेत हे कळलं की तो निवांत होतो.

सातारकर

+१. पाचव्या शनिवारचं कलम शंभर नंबरी आहे. आमच्या दोन कुटुंबांत नेमक्या त्या पाचव्या शनिवारावरून महिनाभर अबोला होता.

काळा_कोट

शुभदाताई, वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू आधी मांडतो. पक्षकार हिंदू आहेत असं धरून चालतो.

'ताबा' आणि 'पालकत्व' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल रोज कोणाकडे राहतं तो ताबा. मुलाच्या वतीने सही करणं, मिळकतीचे व्यवहार बघणं, मोठे निर्णय घेणं हे पालकत्व. आईकडे ताबा गेला म्हणून वडिलांचं पालकत्व संपत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. हे 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असा अर्थ वर्षानुवर्षं घेतला जात होता. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला : वडील हयात असले तरी प्रत्यक्षात मुलाचं बघत नसतील, तर आईच नैसर्गिक पालक. तरीही कायद्याचे मूळ शब्द तसेच आहेत. बँकेत, पासपोर्ट कार्यालयात, शाळेत प्रश्न येतात ते इथूनच. म्हणून कोणता निर्णय कोण घेईल हेही टर्म्समध्ये यायला हवं.

दुसरा प्रश्न, बदलता येतं का? येतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावरही ताबा, देखभाल आणि शिक्षण यांबाबतचे आदेश बदलून मागता येतात. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हे आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच सांगितलंय. त्यामुळे आज सही केली म्हणजे जन्माचे बांधले गेलो, ही भीती दोघांनीही ठेवू नये. बदलासाठी सबळ कारण मात्र दाखवावं लागतं. तेव्हा आजचाच मसुदा नीट करा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्या अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत कोर्ट माफ करू शकतं (अमरदीप सिंग निकाल, २०१७). पण त्यासाठी दोघं पुरेसा काळ वेगळे राहत असले पाहिजेत आणि पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असलं पाहिजे. मुलाबद्दल एका ओळीत उरकलेलं असलं, तर न्यायाधीश दोन जास्तीचे प्रश्न विचारणारच. विचारायलाच हवेत.

मी_मधुरा

वाचनखूण साठवली. काळा_कोट, मूल नऊ वर्षांचं झालं की कोणाकडे राहायचं ते स्वतः ठरवतं, असं ऐकलंय. खरं का?

काळा_कोट

नाही. असं कुठलंही वय कायद्यात नाही. पालक व पाल्य कायदा १८९०, कलम १७(३) एवढंच म्हणतं की मुलाला समजून-उमजून पसंती सांगता येण्याइतकं वय असेल, तर कोर्ट ती पसंती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी एकट्याने बोलतात, आईवडील बाहेर थांबतात. मुलाने सांगितलं म्हणजे तसंच होईल असं नाही. पढवून आणलेलं मूल अनुभवी न्यायाधीशांना चटकन ओळखू येतं.

अनामिक_बाप

शुभदाताई, तुमच्या बहिणीने हा धागा वाचावा म्हणून लिहितोय.

आमच्याकडे काही ठरलेलंच नव्हतं. बायको माहेरी गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. भेटीसाठी अर्ज केला, तारखा पडत गेल्या. अंतरिम आदेश आला तो कोर्टाच्या आवारातल्या खोलीत तासभर भेटायचा. तिथे खेळणी आहेत, कर्मचारी बाई प्रेमळ आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तासाभरात पहिली वीस मिनिटं मुलगी माझ्याकडे यायचीच नाही आणि जवळ आली की निघायची वेळ व्हायची. मी तिला जेवू घातलेलं, तिची वेणी घातलेली, आणि कागदोपत्री मी 'भेटीला येणारा इसम' झालो.

कायदा आईच्या बाजूने झुकलेला आहे हे माझं ठाम मत आहे. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच, हे त्यात लिहूनच ठेवलंय. तोवर बापाला मूल विसरून जातं.

जुईली

अनामिक_बाप, तुमचं वाचून वाईट वाटलं. मुलीला वडील मिळायलाच हवे होते. पण 'कायदा आईच्या बाजूने' हे पटत नाही. पालक म्हणून पहिलं नाव अजून वडिलांचं आहे, वर काळा_कोटांनी सांगितलंच. आणि ताबा आईकडे जातो तेव्हा रात्रीचं जागरण, डबा, दवाखाना, शाळेची मीटिंग, नोकरीत रजा हेही तिच्याकडेच जातं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका म्हणतात, आठवड्यातला एक दिवस तरी त्याने न्यावं, मला झोपू दे.

काळा_कोट

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. १९५६ च्या पालकत्व कायद्यातल्या कलम ६ च्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सर्वसाधारणपणे' आईकडे असं म्हटलंय. २०१५ च्या रॉक्सन शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की इतक्या लहान मुलाबाबत आई अयोग्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर येते. म्हणजे तिथे पारडं आईकडे आहे हे खरं. पाचनंतर तसं काही गृहीत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर आणि वडिलांना ताबा दिल्याचे निकालही भरपूर आहेत. कमाई जास्त म्हणून ताबा मिळतो हाही गैरसमज आहे. आईची कमाई कमी असेल तर वडिलांनी खर्च द्यायचा, मूल हलवायचं नाही.

अनामिक_बाप, २०२० च्या यशिता साहू निकालाचा संदर्भ तुमच्या वकिलांना द्या. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला पुरेशी भेट मिळालीच पाहिजे, शिवाय रोज पाच-दहा मिनिटं फोन किंवा व्हिडिओ कॉलवर बोलता यायला हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मूल दुसऱ्या गावी असेल तर हे फार कामाला येतं. आवारातल्या भेटी नीट पार पडत असतील, तर त्याच आधारावर बाहेर नेण्याची आणि पुढे मुक्कामाची परवानगी मागता येते. टप्प्याटप्प्याने मागा, एकदम सगळं नको.

डॅलसकर

माझ्या भावाची बायको मुलांना घेऊन अमेरिकेतून पुण्याला आली ती परतलीच नाही. तिथल्या कोर्टाचा आदेश इथे चालतो का?

काळा_कोट

आपोआप नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. इथलं कोर्ट परदेशी आदेश एक मुद्दा म्हणून बघतं आणि मुलाचं हित स्वतंत्रपणे ठरवतं (नित्या आनंद राघवन, २०१७). मूल इथे रुळण्याआधी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मुलाला कोर्टासमोर हजर करा असा आदेश मागणारा अर्ज) दाखल करायचा की नाही, हे लवकर ठरवा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू, इथे विषय भरकटेल.

रानपाखरू

मी या गोष्टीची तिसरी बाजू. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी सात वर्षांची होते. आज नोकरी करते, दोघांशी छान आहे. लहानपणी मला काय हवं होतं ते सांगते, मसुद्यात वापरता आलं तर बघा.

'तुला कोणाकडे जास्त आवडतं?' हे मला कोणी विचारायला नको होतं. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांनी विचारलं. समोर कोण आहे ते बघून मी उत्तर द्यायचे.

निरोप माझ्याबरोबर पाठवायला नको होते. 'बाबांना सांग फी भरायची राहिलीय.' हे वाक्य मी रिक्षात पाठ करत जायचे आणि बाबांचा चेहरा बघून गिळून टाकायचे. मग घरी आल्यावर आई विचारायची, सांगितलंस का?

बाबांकडे माझी स्वतःची जागा हवी होती. ब्रश, चप्पल, रात्रीचे कपडे, एक कप्पा. दोन वर्षं मी दर वेळी बॅग घेऊन जायचे आणि पाहुण्यासारखी सोफ्यावर झोपायचे. मग बाबांनी एक छोटं कपाट घेतलं आणि त्याला माझं नाव लावलं. तिथून ते घर माझं झालं.

गॅदरिंगला दोघं हवे होते. एकाच रांगेत बसायची गरज नाही, पण दोघं. आमच्याकडे 'यंदा कोणाची पाळी' असायचं आणि ज्याची नाही त्याला मी नंतर नाच करून दाखवायचे.

आणि दहा-अकराव्या वर्षी मैत्रिणींचे वाढदिवस, क्लास, ट्रेक असं माझं स्वतःचं जग सुरू झालं. शनिवार बाबांचा म्हणून मी कुठेच जायचे नाही. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच सोडलं असतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मी बोललेच नाही. तेव्हा 'मूल अमुक वर्षांचं झाल्यावर त्याचं ऐकून वेळापत्रक पुन्हा ठरवू' असं वाक्य नक्की घाला. विचारायची जबाबदारी मोठ्यांची असू दे.

सातारकर

रानपाखरू, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या घरच्या फ्रिजवर लावतोय.

खिडकी

सगळं पटतंय. पण हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांची परिस्थिती शुभदाताईंच्या बहिणीसारखी नसेल, म्हणून लिहिते. माझ्या घरात मारहाण होती, मुलासमोर होती. मला 'मुलाला बाप हवा ना' हे इतक्या वेळा ऐकवलं गेलं की मी अर्ज करायलाच घाबरत होते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर भेट नाकारतात. भेट द्यायचीच तर देखरेखीखाली, ठरलेल्या ठिकाणी, तिसऱ्या माणसासमोर मागता येते. आमचं तसंच आहे. समुपदेशक हजर असतात, मला समोर जावं लागत नाही. मुलगा वडिलांना भेटतो आणि सुखरूप परत येतो. अशा घरांत 'दोघं मिळून ठरवतील' असलं कलम घालूच नका. मिळून ठरवण्यात कोणाचं चालतं हे त्या बाईला माहीत असतं.

अनामिक_बाप

खिडकीताई, पूर्ण अनुमोदन. तुमच्या लेकाला आणि तुम्हाला शुभेच्छा.

समीर_शेख

आम्हा मुस्लिमांत आईचा सांभाळण्याचा हक्क म्हणजे हिजानत. हनफी (सुन्नींमधल्या एका परंपरेच्या) मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, पालक मात्र वडील. पण प्रकरण कोर्टात गेलं की १८९० चाच कायदा लागतो आणि मुलाचं हित बघितलं जातं. माझ्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा असताना ताबा तिच्याकडेच राहिला. आपसात लिहून घ्यायचा सल्ला आम्हालाही तितकाच लागू आहे.

दोन_घरं

अर्धा-अर्धा वेळ का नको? आमची मुलं एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा त्यांच्या आईकडे. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती, कायदा अजून बदललेला नाही. पण संमतीने ठरवलं तर कोण अडवतं?

जुईली

दोन्ही घरं शाळेपासून किती लांब आहेत?

दोन_घरं

एक घर शाळेच्या मागे, दुसरं दहा मिनिटांवर. त्यामुळेच जमतं, मान्य. मुलांची मित्रमंडळी, क्लास, डॉक्टर सगळं तेच राहतं. घरं शहराच्या दोन टोकांना असती तर मीच नको म्हणालो असतो. अजून एक, दोघांच्या घरचे नियम साधारण सारखे लागतात. मोबाइल किती, झोप कधी, अभ्यास कधी. आमच्यात यावरच जास्त बोलणं झालं, दिवसांच्या वाटणीवर कमी.

शुभदा_क

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने काल रात्री धागा वाचला. रानपाखरूचा प्रतिसाद वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "चल, लिहायला घेऊ." त्यालाही लिंक पाठवली आहे.

आता पैसे आणि कागदपत्रं. तिला पगार बरा आहे, म्हणून ती मुलासाठी काहीच मागत नाहीये. 'मला त्याचे पैसे नकोत' असं चाललंय.

काळा_कोट

त्यांना स्वतःसाठी नको असतील तर तो त्यांचा निर्णय. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने 'नको' लिहून दिलं तरी तो संपत नाही, मुलाच्या वतीने पुढेही मागता येतो. हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे. दोघं कमावत असतील तर कमाईच्या प्रमाणात वाटा ठरवा. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर वाद झालेल्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमच्याकडे वाद नाही, तरी तोच नमुना समोर ठेवून दोघांनी आकडे मांडले तर वाटा ठरवणं सोपं जाईल.

तीन गोष्टी हमखास राहून जातात. दरवर्षी किती टक्के वाढ ते लिहा, पहिलीची फी आणि दहावीची फी यांत फार फरक असतो. शाळा-कॉलेज आणि आजारपण यांचा खर्च मासिक रकमेच्या बाहेर ठेवा. आणि मुदत लिहा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, धडधाकट मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते. नेमकं तेव्हाच कॉलेज सुरू होतं. 'पदवी पूर्ण होईपर्यंतचा शैक्षणिक खर्च' असं संमतीने लिहून ठेवलं तर पुढचा वाद टळतो.

अनामिक_बाप

मी पैसे वेळेवर भरतो आणि भेट मिळत नाही. मग पैसे थांबवले तर?

काळा_कोट

अजिबात थांबवू नका. पोटगी आणि भेट यांची सांगड घालता येत नाही, दोन्हीकडून. पैसे थकले म्हणून आईने भेट अडवायची नाही आणि भेट अडली म्हणून बापाने पैसे रोखायचे नाहीत. दोन्ही मुलाचे हक्क आहेत. भेटीचा आदेश पाळला जात नसेल तर अंमलबजावणीचा अर्ज करा. प्रत्येक चुकलेल्या भेटीची तारीख आणि मेसेज जपून ठेवा.

फाईलवाली

शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं आहे, म्हणून कागदांचं मी सांगते.

जन्मदाखल्याच्या दोन प्रमाणित प्रती काढून दोघांकडे एकेक ठेवा. शाळेला कोर्टाच्या आदेशाची प्रत द्या आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं ते लेखी द्या, आजी-आजोबांच्या नावांसकट. नाहीतर गेटवर मूल रडतं, माणूस चिडतो आणि आमच्या हातात काही नसतं. निकाल, फीची सूचना, पालकसभेचं पत्र दोघांना मिळेल असं कलम घाला, म्हणजे आम्हालाही दोघांचे नंबर ठेवता येतात.

आता जे फार थोड्यांना सुचतं ते. जातीचा दाखला आणि पडताळणी. त्याला वडिलांच्या घराण्याचे पुरावे लागतात : वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळ, नात्यातल्या कोणाचं वैधता प्रमाणपत्र. अकरावी-बारावीत मुलाची धावपळ सुरू होते आणि आईकडे यातलं एकही नसतं. मूल आरक्षित प्रवर्गातलं असेल तर 'वडील हे कागद अमुक मुदतीत देतील' असं आत्ताच लिहा. जमल्यास प्रती आजच घ्या, आजोबा हयात आहेत तोवर.

पासपोर्टला दोघांची संमती मागतात. ती कोण, किती दिवसांत देणार तेही लिहा.

अवांतर : १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत महाराष्ट्रात मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आला. तुमचा मुलगा त्याआधीचा आहे, तर जुन्या कागदांवर जसं आहे तसंच सगळीकडे ठेवा. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं झालं की हेलपाटे सुरू.

शुभदा_क

फाईलवाली, जातपडताळणीचं आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात नव्हतं. वकिलांच्याही. आजच प्रती मागवल्या.

आजोबा_नाशिक

माझा मुलगा आणि सून वेगळे झाले, त्याला चार वर्षं झाली. नातू सुनेकडे असतो. आमच्या भेटीबद्दल कागदात एक अक्षर नाही. सून मनाने चांगली आहे म्हणून गणपतीत त्याला पाठवते. पण ती पाठवते म्हणून मिळतो, हे मनात राहतंच. कृपया आजी-आजोबांसाठी एक ओळ घाला. दोन्हीकडच्या.

सणांचंही ठरवा. आमच्यात पहिल्या वर्षी दिवाळीच्या पहाटे नातू कोणाकडे यावरून दोन्ही घरांत कोणीच फराळाला बसलं नाही. आता एक वर्ष दिवाळी तिकडे आणि गणपती इकडे, पुढच्या वर्षी उलट. मे महिन्याची सुटी अर्धी-अर्धी.

शुभदा_क

दोघांनी बसून हे लिहिलंय. मी होते, पण गप्प होते. बघून सांगा.

१. पहिला व तिसरा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६ वडिलांकडे. पाचवा शनिवार आलटून पालटून. शाळा असेल तर शुक्रवारी शाळेतून न्यायचं.
२. दिवाळी, गणपती, नाताळची सुटी एक वर्षाआड. मे महिना अर्धा-अर्धा, तारखा ३१ मार्चपर्यंत कळवायच्या. वाढदिवशी दोघांनाही भेट.
३. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना महिन्यातून एकदा भेट, दुसऱ्याच्या वेळेला धक्का न लावता.
४. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ या वेळेत व्हिडिओ कॉल.
५. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, परदेश प्रवास हे दोघांच्या लेखी संमतीने. तातडीच्या उपचारांना संमतीची वाट बघायची नाही, लगेच कळवायचं.
६. दोघांपैकी कोणी शहर सोडणार असेल तर तीन महिने आधी कळवायचं.
७. कोणी पुनर्विवाह केल्यास भेटीचा पुनर्विचार होईल.
८. मुलगा दहा वर्षांचा झाल्यावर त्याच्याशी बोलून वेळापत्रक नव्याने ठरवायचं. एकमत झालं नाही तर आधी समुपदेशक, मग कोर्ट.

खर्च आणि कागदपत्रांचं वेगळं परिशिष्ट केलंय.

काळा_कोट

बहुतेक मसुद्यांपेक्षा खूप चांगलं. सातवं कलम काढा. पुनर्विवाहाने कोणी आई किंवा बाप राहत नाही असं होत नाही, आणि त्या वाक्याचा पुढे शस्त्रासारखा वापर होतो. पाचव्यात पासपोर्टसाठी 'मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत संमती' असं जोडा. सहाव्यात नुसतं 'कळवायचं' पुरेसं नाही. शहर बदललं तर पहिलं कलम गळून पडतं. तेव्हा पर्यायी वेळापत्रक आताच लिहा : शनिवार-रविवारांऐवजी सुट्यांचा मोठा वाटा, आणि प्रवासखर्च कोणाचा.

नीलमोहर

मूल आजारी पडून भेट बुडाली तर? 'बुडालेली भेट पुढच्या पंधरा दिवसांत भरून द्यायची' असं लिहा. आणि वडील उशिरा आले तर किती वेळ थांबायचं तेही. आमच्याकडे अर्धा तास आहे.

शुभदा_क

दोन्ही घातलं. सातवं कलम काढताना दोघंही एकदमच 'हो' म्हणाले.

रानपाखरू

चौथ्या कलमात एक भर घाला : कॉल चालू असताना फोन मुलाच्या हातात द्यायचा, स्पीकरवर ठेवायचा नाही आणि मोठ्यांनी त्या खोलीत थांबायचं नाही.